बाळाचे पहिले अन्न आणि बदलता सल्ला

भूम तालुक्यातील ईट येथे काय, किंवा अन्य कोणत्या गावी काय, बाळाचे उष्टावण जवळ आले की घरात एक वाद हटकून निघतो. आजी म्हणते, आमच्या वेळी असे नव्हते. सून म्हणते, दवाखान्यात असेच सांगितले आहे. त्यातही थोरल्याच्या वेळी जे वर्ज्य होते, ते धाकटीस खुशाल द्यावे असे कानी आले, म्हणजे सुनेचाही विश्वास डळमळतो. हा संभ्रम निव्वळ अज्ञानाचा नव्हे. सल्ला खरोखरच बदललेला आहे.

शेंगदाण्याचे उदाहरण पाहावे. काही मुलांच्या शरीरास एखादे निरुपद्रवी अन्न शत्रूसारखे वाटते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडतो. यासच ॲलर्जी म्हणतात. ज्या कुटुंबात असा विकार आहे, तेथील मुलांस तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली सांगितले. अनेक पालकांनी ते निष्ठेने पाळले. परंतु त्या सल्ल्यास प्रयोगाचा भक्कम आधार नव्हता, आणि २००८ साली तो मागे घेण्यात आला. इस्रायलात तान्ह्या मुलांस शेंगदाण्याचा खाऊ सर्रास देतात. तेथील ज्यू मुलांपेक्षा इंग्लंडातील ज्यू मुलांत हा विकार सुमारे दसपट आहे, असे त्याच वर्षी आढळले. मग लंडन येथे तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बालकांवर प्रयोग झाला. लवकर व नियमित शेंगदाणा खाणाऱ्यांत विकाराचे प्रमाण सुमारे एकपंचमांशावर आले, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. पोटातून ओळख झालेल्या अन्नाशी शरीर सलोखा करते आणि इसबाने फाटलेल्या त्वचेवाटे शिरलेल्या त्याच अन्नाशी वैर धरते, असे तज्ज्ञ मानतात.

सल्ला फिरला तरी धास्ती लगेच फिरत नाही. ‘डॉक्टर रोज नवे सांगतात’ असे म्हणून कित्येक पालक सगळेच सल्ले सोडून देतात. हे अधिक घातक होय. पालकसभेत शिक्षकांनी काय बदलले आणि काय बदलले नाही, हे निरनिराळे करून सांगावे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि वर्षाच्या आत मध नाही, हे कायम आहे. शेंगदाण्याचे कूट आपल्या घरी असतेच. सहा महिन्यांनंतर ते अगदी बारीक वाटून, पेजेत पातळ कालवून, प्रथम चमच्याच्या टोकाएवढे द्यावे. अख्खा दाणा मात्र लहान मुलास कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळास तीव्र इसब असेल किंवा अंडे बाधले असेल, तर आधी डॉक्टरांस विचारावे. नवे अन्न एका वेळी एकच, आणि शक्यतो सकाळी द्यावे, म्हणजे काही बाधल्यास दिवसाउजेडी आरोग्य केंद्र गाठता येते.