बड फॉस्टर हेड कोच का झाला नाही?

एका वाचकाने विचारलं आहे की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या व्हर्जिनिया टेकचा बचाव घडवणारा बड फॉस्टर एवढा हुशार होता, तर शेवटपर्यंत असिस्टंटच का राहिला? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतही हेड कोचची एखादी मोठी जागा रिकामी झाली की फॉस्टरचं नाव निघायचं आणि दरवर्षी तो आपला व्हर्जिनिया टेकच्या ब्लॅक्सबर्गमध्येच सापडायचा. पण हा प्रश्न विचारताना एक गोष्ट आपण न बोलता मान्य केलेली असते. असिस्टंट कोच ही जिन्याची मधली पायरी आणि तिथे थांबला तो मागे पडला, असं आपण धरून चालतो. असिस्टंट कोचांच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर मला चित्र उलटं दिसतं. या धंद्यात वर चढणारे पुष्कळ आहेत, एका जागी टिकलेले फार थोडे. त्यामुळे फॉस्टर वर का गेला नाही यापेक्षा त्याला राहायला कसं मिळालं हे शोधणं मला जास्त फायद्याचं वाटतं.

फॉस्टर केंटकीतल्या मरे स्टेटचा खेळाडू. फ्रँक बीमर तेव्हा तिथे बचावाचा कोच होता, पुढे तो तिथलाच हेड कोच झाला आणि फॉस्टर त्याच्या हाताखाली कोचिंग शिकला. १९८७ च्या मोसमासाठी बीमरला त्याच्या स्वतःच्या कॉलेजाने, म्हणजे व्हर्जिनिया टेकने बोलावलं, तेव्हा तो फॉस्टरला बरोबर घेऊन गेला. १९९५ मध्ये बचावाची अर्धी आणि पुढच्याच वर्षी पूर्ण जबाबदारी फॉस्टरकडे आली. २००६ मध्ये त्याला ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला. देशातल्या सर्वोत्तम असिस्टंटला मिळणारा हा पुरस्कार आर्कान्सॉच्या फ्रँक ब्रॉइल्सच्या नावाने १९९६ मध्ये सुरू झाला. स्वतः ब्रॉइल्सचे असिस्टंट एकाहून एक निघाले होते, बॅरी स्वित्झर, जिमी जॉन्सन, जो गिब्स. तेव्हा नाव शोभणारंच आहे. पुरस्काराचा पहिला मानकरी होता फ्लोरिडा स्टेटचा मिकी अँड्र्यूज. ४ जानेवारी २००० रोजी न्यू ऑर्लीन्सच्या शुगर बोलमध्ये राष्ट्रीय विजेतेपदासाठी फ्लोरिडा स्टेट आणि व्हर्जिनिया टेक समोरासमोर आले, तेव्हा कॅमेरे व्हर्जिनिया टेकचा क्वार्टरबॅक मायकल व्हिक याच्यावर होते. पण दोन्ही बाजूंना एका जागी दीर्घकाळ टिकणारे दोन असिस्टंट उभे होते. सामना फ्लोरिडा स्टेटने ४६–२९ असा जिंकला. अँड्र्यूज तिथे १९८४ ते २००९ असे २६ मोसम होता, फॉस्टर व्हर्जिनिया टेकमध्ये १९८७ ते २०१९ असे ३३. तिसरं नाव नॉर्म चाओचं. ब्रिगहॅम यंगच्या प्रसिद्ध पासिंगचा हा शिल्पकार १९७३ ते १९९९ अशी २७ वर्षं तिथे राहिला. आता त्यांचे वरिष्ठ पाहा. फ्लोरिडा स्टेटला बॉबी बाउडन ३४ मोसम, व्हर्जिनिया टेकला बीमर २९, ब्रिगहॅम यंगला लाव्हेल एडवर्ड्स २९. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर आयोवाचा फिल पार्कर घ्या. तो १९९९ पासून तिथे आहे आणि हेड कोच कर्क फेरेंट्झही बरोबर १९९९ पासूनच. हा योगायोग म्हणता येईल असं मला वाटत नाही. असिस्टंटची नोकरी कॉलेज देतं असं कागदावर दिसतं, प्रत्यक्षात ती एका माणसाच्या खुर्चीला बांधलेली असते. ती खुर्ची तीस वर्षं हलली नाही, तरच तिच्या मागचा माणूस तीस वर्षं राहतो.

हेड कोच गेला की सगळा कर्मचारीवर्ग का जातो? आपल्याकडे मंत्री बदलला की त्याचे खासगी सचिव बदलतात, तसंच काहीसं. पण तिथला सचिव आपल्या मूळ खात्यात परत जातो, असिस्टंट कोचला परत जायला खातं नसतं. या रीतीत निव्वळ मर्जीचा खेळ मला दिसत नाही. प्रत्येक हेड कोचच्या योजनेची स्वतःची भाषा असते. एकाच चालीला दहा कॉलेजांत दहा नावं असतात, खुणा वेगळ्या, फळीतल्या जागा मोजायची रीत वेगळी. मोसमात खेळाडूंकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ सक्तीने घेता येत नाही, असा नियम आहे. एवढ्या थोड्या वेळात खेळाडूंना शिकवायचं, तर नव्या हेड कोचने आधी स्वतःच्याच सहकाऱ्यांना भाषा शिकवत बसायचं, की ती आधीपासून बोलणारी माणसं बरोबर आणायची? त्यात भर खेळाडू मिळवण्याच्या कामाची. शाळकरी मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईशी बोलतो तो असिस्टंट. जॉर्जियाचा एक भाग एकाकडे, दक्षिण फ्लोरिडा दुसऱ्याकडे, अशी वाटणी असते आणि तिथल्या शाळांच्या कोचांशी त्याची ओळख ही त्याची खरी मिळकत असते. ती ओळख तो नव्या कॉलेजात बरोबर घेऊन जातो, म्हणूनच त्याला कोणीतरी नोकरी देतं.

निक सेबनची उमेदवारी पाहिली की हे सगळं एका माणसात दिसतं. सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला माणूस म्हणून सगळे त्याला ओळखतात. पण १९७३ मध्ये केंट स्टेटला शिकाऊ असिस्टंट म्हणून लागल्यापासून १९९० मध्ये टोलीडोचा हेड कोच होईपर्यंत तो सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्हल अकॅडमी, मिशिगन स्टेट आणि व्यावसायिक ह्यूस्टन ऑइलर्स असा फिरला. १९७९ च्या मोसमानंतर वेस्ट व्हर्जिनियाने हेड कोच फ्रँक सिग्नेटीला काढलं आणि सेबनचा मुक्काम हलला. ओहायो स्टेटला १९८१ मध्ये ९ विजय आणि ३ पराभव अशी चांगली कामगिरी होऊनही बचावाच्या कोचांना घरी पाठवण्यात आलं, त्यात तोही होता. इथे दोष कोणाचा आणि फळ कोणाला याचा हिशेब लावू नये, लागत नाही. मला जास्त बोलकी वाटते ती या कथेची शेपटी. ज्या सिग्नेटीने १९७८ मध्ये सेबनला नोकरी दिली, त्याच्या मुलाला, कर्टला, सेबनने २००७ मध्ये अलाबामात घेतलं. चार वर्षांनी कर्टने अलाबामासारखी जागा सोडून पेनसिल्वेनियातल्या इंडियाना विद्यापीठाचं हेड कोचपद पत्करलं. ते दुसऱ्या श्रेणीतलं छोटं कॉलेज, पगार बराच कमी. पण वडिलांनी तिथेच वीस मोसम हेड कोच म्हणून काढले होते. आज तो ज्या मोठ्या इंडियानाचा हेड कोच आहे ते कॉलेज वेगळं, नावांचा घोटाळा नको.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: ही तर सरळ वशिलेबाजी झाली. आक्षेप निम्मा मान्य आहे. वडील हेड कोच आणि मुलगा असिस्टंट ही जोडी या खेळात जागोजाग भेटते आणि आयोवात तिचं हसं झालं. फेरेंट्झचा मुलगा ब्रायन तिथे आक्रमणाचा कोऑर्डिनेटर होता. नातेवाइकाच्या हाताखाली काम करण्याविरुद्ध विद्यापीठाचा नियम असल्याने कागदोपत्री तो वडिलांना नव्हे, क्रीडा संचालकाला उत्तरदायी होता. २०२३ च्या मोसमाआधी त्याच्या कराराला अट जोडली गेली, की संघाने सामन्यामागे सरासरी २५ गुण करायला हवेत. देशभर प्रत्येक शनिवारी लोक हा आकडा मोजत बसले, संघ जिंकत राहिला, गुण काही होईनात आणि मोसम संपण्याआधीच त्याला मोसमाअखेर निरोप दिल्याचं जाहीर झालं. पण वशिला हे या रचनेचं कारण नसून परिणाम आहे. ज्या धंद्यात दर दोन-तीन वर्षांनी आपल्या चुकीशिवाय नोकरी जाऊ शकते, तिथे माणसं विमा स्वतःच तयार करतात, आणि तो ओळखीचाच असतो. आज मी तुझ्या मुलाला घेतो, उद्या तू माझ्या माणसाला घे. या विम्याची खरी किंमत मात्र त्याच्या बाहेर राहिलेल्यांनी मोजली. सिल्व्हेस्टर क्रूम अलाबामाचाच खेळाडू, तिथल्याच हेड कोच बेअर ब्रायंटचा असिस्टंट, पुढे अनेक वर्षं व्यावसायिक संघांत. २००३ मध्ये अलाबामाचं हेड कोचपद रिकामं झालं तेव्हा ते माइक शूलाला मिळालं. शूलाही तिथलाच जुना खेळाडू, त्यालाही हेड कोचपदाचा अनुभव नव्हता, आणि तो नामवंत व्यावसायिक कोच डॉन शूलाचा मुलगा होता. त्याच वर्षाच्या शेवटी मिसिसिपी स्टेटने क्रूमला बोलावलं. साउथईस्टर्न कॉन्फरन्स सुरू होऊन सत्तर वर्षं झाली होती आणि तिथला तो पहिला कृष्णवर्णीय हेड कोच होता.

दुसरा आक्षेप पैशाचा. आता असिस्टंटला एवढं मिळतं, तर कसली आली असुरक्षितता? खरं आहे, आकडे डोळे फिरवणारे आहेत. २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटने डेव्ह अरांडाला वर्षाला २५ लाख डॉलर देऊ केले, तेव्हा ती बातमी होती. २०२५ मध्ये पेन स्टेटने ओहायो स्टेटच्या जिम नोल्सला ३० लाखांच्या वर देऊन नेलं. नोल्सच्या बचावाने नुकतंच राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. पण पुढे काय झालं ते पाहा. त्याच ऑक्टोबरात सलग तीन पराभवांनंतर पेन स्टेटने हेड कोच जेम्स फ्रँकलिनला काढलं आणि देशातला सर्वांत महाग असिस्टंट पहिला मोसम संपण्याआधीच अधांतरी झाला. पैशाने पडण्याची उंची बदलते, पडणं चुकत नाही. शिवाय हे आकडे शिखरावरच्या मूठभरांचे आहेत आणि हेड कोचला जेवढं संरक्षण आहे तेवढं त्यांनाही नाही. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने जिंबो फिशरला काढताना साडेसात कोटींहून जास्त डॉलर द्यायचं कबूल केलं. असिस्टंटांच्या करारांत एवढी मोठी भरपाई नसते. साधारण एक ते तीन वर्षांचा करार, तो संपला की संपला. काढलेल्या बड्या कोचांनी तर या व्यवस्थेतली एक गंमतीची फट शोधली. बऱ्याच करारांत जुन्या कॉलेजाकडून भरपाई चालू असेपर्यंत नव्या नोकरीचा पगार त्यातून वजा होतो, मग नवा पगार मोठा घेऊन करायचं काय? असे लोक सेबनकडे ‘अ‍ॅनालिस्ट’ म्हणून मामुली पगारावर जाऊन बसायचे. स्टीव्ह सार्किझियन तर भरपाई नसतानाही २०१६ मध्ये तिथे अ‍ॅनालिस्ट म्हणून गेला, अटलांटात व्यावसायिक फेरी मारून आला, २०२० चा ब्रॉइल्स पुरस्कार घेतला आणि थेट टेक्ससचा हेड कोच झाला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. खुर्ची गेल्यावरही टिकलेले लोक आहेतच की. फ्लोरिडात २००४ मध्ये रॉन झूक गेला, पण बचाव सांभाळणाऱ्या चार्ली स्ट्राँगला नव्या अर्बन मायरने ठेवून घेतलं. पेन स्टेटमध्ये जो पटर्नोच्या हकालपट्टीनंतर नवा बिल ओब्रायन आला, त्याने लॅरी जॉन्सनला सोडलं नाही. दोन वर्षांनी जॉन्सन ओहायो स्टेटला गेला आणि तिथेही हेड कोचपदी मायरनंतर आलेल्या रायन डेने त्याला ठेवलं. २०१५ च्या अखेरीस बीमर निवृत्त झाल्यावर जस्टिन फुएंटेने फॉस्टरला आणखी चार मोसम ठेवलं. ही उदाहरणं माझ्या म्हणण्याला छेद देतात का? काही प्रमाणात देतात. पण हे सगळे बचावाच्या बाजूचे आहेत हे लक्षात घ्या. नव्या हेड कोचची भाषा बहुधा आक्रमणाची असते, फुएंटे आणि ओब्रायन दोघेही त्याच बाजूचे, म्हणून दुसऱ्या बाजूचा जुना जाणकार ठेवणं त्यांना परवडतं. आणि शाळाशाळांत वर्षानुवर्षं पेरलेली फॉस्टर-जॉन्सनची ओळख कोणता नवखा माणूस सोडून देईल?

राहता राहिला मूळ प्रश्नातला छुपा उपप्रश्न: फॉस्टरला ते काम झेपलं असतं का? चाओकडे पाहून लोक नाही म्हणतात. ब्रिगहॅम यंगमध्ये टाय डेटमर, सदर्न कॅलिफोर्नियात कार्सन पामर आणि मॅट लायनर्ट, असे हाइझमन पुरस्काराचे तीन विजेते क्वार्टरबॅक ज्याच्या हाताखालून गेले, त्या चाओला हेड कोचपद मिळालं ते २०११ च्या डिसेंबरात, ६५ व्या वर्षी, हवाईत. ४६ सामन्यांत १० विजय आणि चौथा मोसम संपण्याआधीच निरोप. यावरून त्याची लायकी ठरवणं मला पटत नाही, कारण हवाईकडे ना पैसा होता ना खेळाडूंचा साठा. ठरतं ते एवढंच, की देणगीदारांची जेवणं, पत्रकार परिषदा, अंदाजपत्रक यांत दिवस घालवणं हा वेगळा धंदा आहे आणि चालींचा अभ्यास वेगळा. मिकी अँड्र्यूजने दोन्ही करून पाहिले होते. १९७१ मध्ये अलाबामातल्या लिव्हिंगस्टन या छोट्या कॉलेजाचा हेड कोच म्हणून त्याने छोट्या कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपदही जिंकलं होतं. पुढे तो बाउडनच्या हाताखाली गेला, २६ मोसम तिथेच राहिला, आणि २००९ चा मोसम संपल्यावर दोघे एकाच वेळी निवृत्त झाले.