एका पत्राने उघडलेले दार

डब्लिनच्या दक्षिणेस चेरीवूड नावाची नवी वसाहत आहे. 'लुआस' ही ट्राम २०१० साली तेथवर पोहोचली. जवळच लॉफलिन्स्टाउन येथे सेंट कोलमसिल्स हे सरकारी रुग्णालय आहे. १४ मे २०२१ रोजी आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला आपले सारे संगणक बंद करावे लागले आणि देशभरच्या रुग्णालयांत पुन्हा कागद व लेखणी हाती आली. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूतिगृहाने, ज्यांना छत्तीस आठवडे झाले नव्हते अशा गर्भवतींच्या भेटी रद्द केल्या. कर्करोगावरील किरणोपचारही खोळंबले.

हे कसे घडले ते कळण्यासाठी प्रथम संगणकांचे जाळे म्हणजे काय ते पाहू. 'जाळे' म्हटले की आपल्या वडीलधाऱ्यांस पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील कोळीच आठवणार! संगणकांचे जाळे मात्र टपालखात्याला अधिक जवळचे. आपण पाठविलेला मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागला जातो व प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतील 'राउटर' नावाची यंत्रे तो पत्ता वाचून तुकडा पुढे धाडतात. टपाल निवडणारा कारकून जसा लिफाफा फोडीत नाही, तसेच हे यंत्रही सहसा आत काय आहे ते पाहत नाही. पत्र मित्राचे की चोराचे, हे पाहण्याचे काम घेणाऱ्याकडेच उरते.

आयर्लंडमध्ये तेच नडले. मार्च २०२१ मध्ये एका कर्मचाऱ्याने ई-पत्रासोबत आलेला हिशेबाचा तक्ता उघडला. चोर आत शिरला व जवळजवळ आठ आठवडे आतच वावरला. विषाणुरोधकाने त्याची चाहूल टिपली होती; परंतु ते केवळ नोंद करण्यापुरते लावलेले असल्याने त्याने चोरास अडविले नाही. आपल्या कोकणातील घरात ओटीवर आलेला मनुष्य माजघरात जाण्यापूर्वी एक दार लागते. या जाळ्यात तशी आतली दारेच नव्हती. शिवाय तीस हजारांहून अधिक संगणक 'विंडोज ७' या जुन्या प्रणालीवर चालत होते. सरकारने खंडणी नाकारली. २० मे रोजी चोरांनी किल्ली फुकट दिली, तरी घडी बसण्यास सप्टेंबर उजाडला.

असे परदेशातच घडते असे नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत चोरांनी एटीएमच्या मागण्यांना परस्पर होकार देणारी बनावट यंत्रणा मध्येच बसविली आणि अठ्ठावीस देशांतून पैसे काढले. परदेशी बँकेकडे वळविलेली रक्कम धरून एकूण चौऱ्याण्णव कोटी रुपये गेले.

घरी काय करावे? राउटरसोबत आलेला परवलीचा शब्द प्रथम बदलावा. घरातील कॅमेरे व दूरचित्रवाणी संच पाहुण्यांसाठीच्या निराळ्या जाळ्यावर जोडावेत. तेच आपले आतले दार. संगणक दुरुस्ती सुचवितो तेव्हा 'नंतर' म्हणू नये, हे मी स्वतः फार उशिरा शिकलो. छायाचित्रे व कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क सोडवून ठेवावी. जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होईल. आणि ठाण्याच्या भाचीच्या नावे पैशांची निकड सांगणारा संदेश आल्यास तिला फोन करावा, पण संदेशातील क्रमांकावर नव्हे, आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर.