क्लाउडच्या आधी काय वाचावे?

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. रेवदंड्याच्या परिसरात घरे, नारळी-पोफळीच्या वाड्या मोडल्या, वीज गेली, मोबाइलची रेंज गेली. असेच यंत्रही कधीतरी बंद पडणार, जाळे तुटणार, हे गृहीत धरूनच क्लाउडवरची प्रणाली रचावी लागते. म्हणूनच किनाऱ्यावरच्या होतकरू प्रोग्रामरने मार्टिन क्लेपमन यांचे 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स' (२०१७) वाचावेच. त्यातले आठवे प्रकरण नेमके या बिघाडांवर आहे. सगळे पुस्तक झेपत नसेल तर निदान तेवढे तरी. एक सेवा कोसळली तर बाकीच्या कशा तगवाव्यात, हे मायकेल नायगार्ड यांच्या 'रिलीज इट!'मध्ये सापडते.

खिशाला तोशीस नको? गूगलच्या अभियंत्यांचे 'साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग' (२०१६) इंटरनेटवर मोफत वाचता येते. क्लाउड म्हणजे नेमके काय, यासाठी अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेचे २०११चे मोजक्या पानांचे टिपण पुरेसे आहे.

पाया कच्चा असेल, तर सुरुवात मराठी माणसांपासून करता येते: नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' आणि अच्युत गोडबोले यांचे 'ऑपरेटिंग सिस्टिम्स'. दोन्ही इंग्रजीत आहेत, पण भाषा सोपी आहे.