गुडघ्याची गोष्ट : नडगीवरचा उंचवटा

या आठवड्यात वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणाऱ्या अस्थिबंधावर लिहायचे ठरले होते. पण एका वाचक भगिनीच्या पत्राने तो बेत पुढे ढकलला. त्यांच्या घरात मावशी ३६ वर्षांची, भाची १२ वर्षांची; दोघींच्याही गुडघ्याची वाटी वरचेवर बाहेरच्या बाजूला निसटते. मावशीच्या नडगीचे हाड कापून सरकवले आणि स्क्रूंनी बसवले. भाचीच्या हाडाला मात्र सर्जनने हात लावला नाही. दुखणे एकच, मग उपचार दोन का?

उत्तर एका उंचवट्यात आहे. खुर्चीत बसून वाटीच्या खालच्या टोकापासून अंगठा सरळ खाली न्यावा. दोनतीन बोटांवर टणक उंचवटा लागतो. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची ओढ वाटीतून खाली येते ती इथे. हा उंचवटा मांडीच्या हाडावरच्या खोबणीच्या रेषेपासून फार बाहेर असला, तर ओढ तिरकी होते आणि स्नायू आवळला की वाटी बाहेरच्या बाजूला लोटली जाते.

लहान वयात याच उंचवट्याखाली वाढीची कूर्चा असते. तिला इजा झाली तर नडगीची पुढची बाजू वाढायची थांबते, मागची वाढतच राहते आणि गुडघा मागच्या बाजूला वाकू लागतो. म्हणून भाचीच्या हाडाला करवत लावायची नाही. मावशीच्या वयात ती कूर्चा केव्हाच हाड झालेली असते.

आता मोठ्यांच्या शस्त्रक्रियेकडे. ओढ सरळ करण्याची कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सेझार रू यांनी १८८८ मध्येच तिचे वर्णन केले होते. पण खरा धडा दिला तो शिकागोच्या एमिल हाउसर यांच्या १९३८ च्या शस्त्रक्रियेने. त्यांनी उंचवटा आत आणि खाली सरकवला. वाटी निसटायची थांबली आणि ही पद्धत पुढे कित्येक वर्षे चालली. मात्र अशा अनेक रुग्णांच्या वाटीमागची कूर्चा काही वर्षांनी झिजलेली आढळू लागली.

दोष हाडाच्या आकारात दडलेला होता. नडगीचा आडवा छेद त्रिकोणी असतो आणि उंचवटा पुढच्या कोपऱ्यावर. तिथून तो आत न्यायचा म्हणजे उतारावरून मागेही न्यायचा. उंचवटा जितका मागे, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. निसटणे थांबवताना सांध्यावरचा भार वाढत होता.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात आल्बेर त्रिया यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हाडाचा तुकडा खालच्या टोकाला जोडलेला ठेवून नुसता आत वळवला जातो. तो मागे जात नाही. १९८३ मध्ये अमेरिकेच्या जॉन फल्कर्सन यांनी छेदच तिरका घेतला. तुकडा आत सरकतानाच पुढेही येतो, आणि वाटीवरचा दाब कमी व्हायला मदत होते. छेदाचा कोन बदलला, आणि हाउसर यांच्या पद्धतीतली मोठी उणीव दूर झाली.

हाड कोणाचे सरकवायचे, याची मोजपट्टीही ल्योंचीच. आंरी दजूर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवर खोबणीचा तळ आणि हा उंचवटा यांच्यातले आडवे अंतर मोजले. ते २० मिलिमीटरपर्यंत गेले किंवा त्यापुढे असले, तर हाड सरकवण्याचा विचार होतो. तेही बेतानेच, कारण जास्त आत नेले तर आतल्या बाजूवर भार पडतो. वाटी मुळातच उंचावर बसलेली असेल तर उंचवटा थोडा खालीही आणतात. अंतर मर्यादेत असेल आणि खोबण पुरेशी खोल असेल, तर बहुतेकदा हाड न कापता फाटलेला अस्थिबंध नव्याने बांधणे पुरते. गुडघा वाकवला की दर वेळी वाटी निसटत असेल, तर मांडीचा आखडलेला स्नायू लांब करावा लागू शकतो. तो प्रकार इतका वेगळा आहे की त्याला स्वतंत्र लेख द्यावा लागेल.

राहिलेला अस्थिबंध पुढच्या आठवड्यात. तोवर ज्यांना हाड सरकवण्याचा सल्ला मिळाला आहे, त्यांनी सर्जनला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : आपल्या स्कॅनमधले ते अंतर किती मिलिमीटर आहे, आणि उंचवटा आत नेताना तो मागे जाणार नाही ना?