नमुना सही

बँकेतली माझी निम्मी नोकरी सह्या ताडण्यात गेली. चेक आला की नमुना सहीचं कार्ड काढायचं, शेजारी धरायचं आणि वळण जुळलं तरच पैसे द्यायचे. समोरच्या माणसाला आधी कधी पाहिलेलं असायलाच हवं, असं नाही.

हे आठवलं नातीमुळे. तिच्या हट्टापायी घरात माशांची टाकी आली आणि निळ्या पट्ट्यांचे झेब्रा मासे त्यात फिरू लागले. एकदा तिनं विचारलं, ''आजोबा, यांना आपली भावंडं ओळखू येतात?'' मी 'छे' म्हणणार होतो. बरं झालं, आधी वाचून पाहिलं.

झेब्रा मासा आपल्याकडचाच. हिंदुस्थानातल्या ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत राहणारा. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. त्याच्या पिलाचा, अंडं फळल्यापासूनचा सहावा दिवस मोलाचा असतो. आदल्या दिवशी सभोवतालची भावंडं डोळ्यांनी पाहिलेली असली, तर सहाव्या दिवशी त्यांचा वास कायमचा मनात ठसतो. परक्यांमध्ये ठेवलं, तर परक्यांचा वास मात्र ठसत नाही. म्हणजे आपल्याकडे सटवी सहाव्या रात्री कपाळावर लिहून जाते, तसंच! पुढे कधीही न भेटलेलं भावंड समोर आलं तरी पिलू त्या वासाशी ताडून पाहतं. नमुना सहीचं कार्डच म्हणा ना.

गंमत पुढे आहे. लहानपणी हे मासे भावंडांच्या सोबतीला राहणं पसंत करतात. मादी वयात आली की तेच कार्ड उलटं वापरते. वास जुळला की ती जोडीदार म्हणून परक्या नराकडे वळते.

काटेरी पाठीच्या स्टिकलबॅक माशांवर जर्मनीत प्लोन इथे संशोधन झालं. तिथली मादी नराच्या वासावरून त्याच्या रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांचा अंदाज घेते. फार सारखा नको, फार वेगळाही नको. तिला मधलं स्थळ पसंत.

आता पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्यांमधला पेल्विकॅक्रोमिस टीनिएटस पाहा. नर कपार धरून बसतो, जांभळ्या पोटाची मादी येते, आणि पिलं दोघं मिळून राखतात. बॉनच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिलं, की हे मासे जोडीदार म्हणून चक्क वेगळं वाढलेलं सख्खं भावंड पसंत करतात! त्यांच्या पिलांत वैगुण्य आढळलं नाही. उलट नात्यातले आईबाप एकमेकांना अधिक साथ देत होते, पिलांसाठी अधिक खपत होते.

इथे मी वाचता वाचता थांबलो. १९८६ साली आईच्या मनात मामाची मुलगी सून म्हणून आणायची होती. ''आपलीच पोर आहे. घर धरून राहील, म्हातारपणी बघेल,'' असं ती म्हणायची. मी आनुवंशिकतेचा धडा वाचलेला. ठाम नकार दिला. मामानं पुढे अकरा वर्षं आमचा उंबरठा ओलांडला नाही. आला, तो आई गेली त्या दिवशी.

माणसांत जवळच्या नात्यातल्या लग्नानं आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. माझा नकार आजही मला बरोबरच वाटतो. माशांवरून माणसांचे कायदे करूही नयेत. पण आईला मी अडाणी समजत होतो, ते चुकलं. ती आफ्रिकेतल्या माशाचा हिशेब मांडत होती आणि मी झेब्रा मादीचा. दोन्ही वह्यांतली बेरीज आपापल्या जागी बरोबर होती. फक्त माशांना रुसलेला मामा नसतो.

नातीला सांगितलं, ''हो, ओळखतात.''

''मग भांडत नाहीत?''

त्याचं उत्तर द्यायला मामा हवा होता.