खणखणीत आणि बद्द

कुंभाराकडे मडके घ्यायला गेलेली गृहिणी ते उचलून कानाशी नेते आणि बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारते. जुन्या काळचा सराफ बंदा रुपया दगडावर टाकून त्याचा नाद ऐकत असे. नाद खणखणीत निघाला तर वस्तू पदरात घ्यावी, बद्द निघाला तर परत करावी, आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्याचा निवाडा कानावर सोपवावा, हे शहाणपण आपल्या घराघरांत इतके मुरलेले आहे की ‘वाजवून घेणे’ हा शब्दप्रयोगच आपल्या भाषेत पारख करण्याला पर्याय होऊन बसला आहे. ह्याच शहाणपणावर ज्याचा चरितार्थ चालतो, आणि ज्याच्या कानावर एका विस्तीर्ण देशाची दिवाबत्ती फार मोठ्या प्रमाणात विसंबून असते, असा एक कामगार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे. वीज आणि दूरध्वनी ह्यांच्या तारा वाहणाऱ्या लाकडी खांबांचा तो तपासनीस होय.

त्या देशात असे लाकडी खांब दहा कोटींहून अधिक उभे आहेत. चाळीस फूट लांबीचा खांब सुमारे सहा फूट जमिनीत पुरतात. लांबीचा दहावा हिस्सा आणि वर दोन फूट, असा त्याचा सर्वमान्य हिशेब आहे. खांब एकदा उभा राहिला की तो लोकांच्या दृष्टीआड होतो. रोज त्याच्या शेजारून जाणाऱ्या माणसालासुद्धा तो दिसत नाही, कारण तो असणारच असे मन गृहीत धरून चालते. तपासनिसाला मात्र काहीही गृहीत धरण्याची मुभा नसते. हवामान जितके दमट तितकी फेरी लवकर, ह्या न्यायाने साधारणपणे दर आठ ते बारा वर्षांनी त्या त्या खांबाची पाळी येते, आणि त्या दिवशी खांबाला आपल्या प्रकृतीचा जबाब द्यावाच लागतो.

खांबांची ही दुनिया निर्माण झाली ती एका अपयशातून. सॅम्युएल मोर्स ह्याने १८४३ साली सरकारकडून तीस हजार डॉलर मंजूर करून घेऊन वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही तारायंत्राची वाट बांधावयास घेतली, तेव्हा तारा शिशाच्या नळीतून जमिनीखालून न्यावयाच्या असा त्याचा बेत होता. परंतु तारांवरील वेष्टन सदोष निघाले, बराचसा पैसा मातीत गेला, आणि अखेर तारा खांबांवर चढविण्याचा निर्णय करावा लागला. त्यासाठी सालीसकट असलेले, सरळ आणि निरोगी असे चेस्टनटचे ७०० खांब हवेत म्हणून त्याने जाहिरात दिली, आणि २४ मे १८४४ रोजी त्या तारांवरून पहिला विधिवत संदेश गेला. चेस्टनट हे झाड टॅनिनाच्या योगाने स्वभावतःच कुजण्याला दाद न देणारे असल्यामुळे पुढे कित्येक वर्षे ते खांबांसाठी मोठ्या आदराने वापरले गेले. परंतु १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहोद्यानात त्या झाडांवर एक परदेशी बुरशी आढळली आणि अर्ध्या शतकाच्या आत त्या जातीची अरण्येच्या अरण्ये उभ्याउभ्या मेली. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीरूपी ज्या शत्रूशी खांबांचे तपासनीस आजन्म झुंजतात, त्याच्याच एका भाऊबंदाने खांबांचा हा पहिला वंश जिवंतपणीच संपविला.

त्यानंतरचा भार आला तो दक्षिणेकडील पिवळा पाइन, पश्चिमेकडील डग्लस फर आणि तांबडा सीडर ह्यांच्यावर, आणि त्यांना टिकविण्याची जबाबदारी आली रसायनविद्येवर. लाकूड लोखंडी नळकांड्यात कोंडून दाबाखाली त्यात डांबरापासून काढलेले क्रिओसोट तेल भरण्याची रीत जॉन बेथेल ह्याने इंग्लंडमध्ये १८३८ सालीच पेटंट केली होती. पुढे १९३३ साली आपल्या डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम् ह्या भारतीय शास्त्रज्ञाने तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक ह्यांच्या क्षारांचा योग जुळवून आणला. तांब्याने बुरशीला आवर घालावा, आर्सेनिकाने किडीला आणि तांब्यालाही न जुमानणाऱ्या बुरशीला मारावे, आणि क्रोमियमने त्या दोघांना लाकडाच्या तंतूंत जखडून ठेवावे, अशी ती त्रिवर्गाची योजना. त्या द्रव्याने किंचित हिरवट झालेले खांब अमेरिकेत आज लक्षावधींनी उभे आहेत, आणि त्यांच्या आयुर्दोरीचे एक टोक डेहराडूनला बांधलेले आहे, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जावी इतक्या योग्यतेची आहे.

तथापि कोणतेही द्रव्य लाकडाला अमरत्व देत नाही. बुरशीला जगण्यासाठी अन्न, ऊब, ओल आणि हवा ह्या चारही गोष्टी लागतात. खांबाचा वरचा भाग पावसात भिजला तरी वाऱ्याउन्हात वाळतो, म्हणजे तेथे ओल टिकत नाही. बुंध्याचे टोक खोल जमिनीत ओले असते, पण तेथे हवा बेताची. ह्या दोहोंच्या मधे, जेथे माती संपते आणि आकाश सुरू होते, त्या रेषेच्या लगत खाली दीड फुटाच्या पट्ट्यात मात्र चारही गोष्टी एकत्र नांदतात, आणि सोसाट्याचा वारा खांबाला वाकवू लागला की सर्वांत अधिक ताणही बहुधा ह्याच पट्ट्यावर येतो. आपल्या महाराष्ट्रातील लोखंडी खांबसुद्धा नेमके ह्याच ठिकाणी गंजतात, आणि म्हणूनच त्यांच्या पायाभोवती सिमेंट काँक्रीटचा ओटा घालण्याची पद्धत आहे. द्रव्य कोणतेही असो, झीज ह्या संधिरेषेवरच सुरू होते, आणि ती तेथे असल्याचे वरून पाहणाऱ्याला कळत नाही.

तपासणीला आरंभ होतो तो खांबाची जन्मपत्रिका वाचण्यापासून. प्रत्येक खांबावर त्याचा निर्माता, लाकडाची जात, दिलेले द्रव्य, संस्काराचे वर्ष, ताकदीची इयत्ता आणि लांबी ह्यांची मुद्रा डागलेली असते. पन्नास फुटांपर्यंतच्या खांबावर ही मुद्रा बुंध्यापासून दहा फुटांवर असते. म्हणून चाळीस फुटी खांबावर ती जमिनीपासून चार फुटांवर दिसली तर खांब नियमाप्रमाणे पुरला आहे, आणि त्याहून बरीच वर दिसली तर पुरणाऱ्याने कसूर केली आहे किंवा पायाची माती वाहून गेली आहे, असे फीत लावताच उघड होते. मग दृष्टी वर जाते: आडवा दांडा फाटला आहे काय, आपल्याकडे लोक ज्यांना ‘चिमण्या’ म्हणतात ती चिनी मातीची विरोधके तडकली आहेत काय, ताणाची तार सैल पडली आहे काय, सुतारपक्ष्याने ढोली कोरली आहे काय, वीज पडून खांब उभा चिरला आहे काय.

त्यानंतर हातोडा. जमिनीलगत सुरुवात करून, खांबाला फेरी घालीत घालीत, हात पोचेल तेथपर्यंत तपासनीस ठोके देत जातो. निरोगी लाकूड हातोड्याला उसळवून परत पाठविते आणि त्याचा नाद स्वच्छ, टणक असतो. आत पोकळी किंवा कूज असली की आवाज बद्द, भेंडाळ येतो आणि हातोडा जणू रुतून बसतो. कान आणि मनगट ह्या दोघांची साक्ष एकमेकांशी जुळवून पाहावयाची असते, आणि हे जुळविणे ग्रंथात वाचून येत नाही. गोठलेले लाकूड, ओले लाकूड, पाइन आणि सीडर ह्यांचे नाद निरनिराळे असतात, आणि ते हजारो खांब वाजविल्यावरच कानात बसतात.

संशय आला की गिरमिट चालते. जमिनीलगत तिरप्या दिशेने छिद्र पाडीत असता भुसा कसा निघतो, कोरडा आणि तंतुमय की काळपट आणि भुसभुशीत, आणि गिरमिट कोठे एकदम पुढे घसरते, हे तो टिपतो. मग टोकाला आकडी असलेली सळई आत घालून भोवतालचे निरोगी कवच किती इंच जाड उरले आहे ते मोजतो, आणि काम झाल्यावर ते छिद्र संस्कार केलेल्या खुंटीने बंद करतो. पूर्ण तपासणीत फावड्याने दीड फूट माती उकरून, खरवडणीने मऊ पडलेले लाकूड काढून, उरलेल्या खांबाचा घेर मोजावयाचा असतो.

हा घेर मोजण्याचा आग्रह कशासाठी, ते गणिताने कळते. वाऱ्याला तोंड देण्याचे खांबाचे बळ त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. दहा इंच व्यासाच्या खांबाच्या पोटात सहा इंचांची पोकळी पडली, तरी त्याचे बळ सुमारे आठव्या हिश्शानेच घटते. पण तोच खांब बाहेरून चहूबाजूंनी अवघा एक इंच कुजला, की जवळजवळ निम्मे बळ नाहीसे होते. उरलेले बळ मूळ अपेक्षेच्या दोनतृतीयांशांखाली गेले, तर खांब बदलावा किंवा त्याला आधार द्यावा, असा तेथील विद्युत्सुरक्षा संहितेचा दंडक आहे.

हे काम करणारी माणसे बहुतकरून ठेक्याच्या टोळ्यांतून महिनोन्महिने घराबाहेर असतात. वाट खांबांची असते, माणसांची नव्हे. ती परसांतून, दलदलीतून, काटेरी कुंपणांवरून आणि दुसऱ्याच्या शेतातून जाते. अंगाला आग लावणाऱ्या विषारी वेली, गांधीलमाश्या, खांबाच्या बुंध्याशी दडलेले विषारी कोळी, अनोळखी माणसावर धावून जाणारे कुत्रे, आणि आपल्या आवारात हा कोण शिरला म्हणून विचारणारा घरमालक, ह्या सर्वांशी सलोखा राखीत दिवसभर तेच ते करावयाचे: वाकायचे, खणायचे, ठोकायचे, ऐकायचे, लिहायचे. नव्याण्णव खांबांचा नाद खणखणीत आला म्हणून शंभराव्याला कान कमी द्यावयाचा नाही, हीच ह्या पेशातील खरी तपश्चर्या, आणि माझ्या मते ती कोणत्याही जपापेक्षा उणी नाही.

कारण शंभराव्या खांबावर एखादे दिवशी माणूस चढणार असतो. दुरुस्तीला येणाऱ्या लाइनमनलाही चढण्यापूर्वी सुमारे दीड किलो वजनाच्या हातोड्याने जमिनीपासून सहा फुटांपर्यंत खांब वाजवून पाहण्याची शिकवण दिलेली असते. पण वादळाच्या रात्री, गाव अंधारात असता, तो मनातून विसंबतो ते वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या त्या अनोळखी तपासनिसाच्या प्रामाणिकपणावर. दोघांची भेट कधी होत नाही. त्यांच्यामधला सगळा व्यवहार खांबाला ठोकलेल्या एका छोट्या ॲल्युमिनियमच्या बिल्ल्यावर चालतो: तपासणीचे वर्ष, केलेला उपचार, आणि खांब नापास असेल तर तसे सांगणारी वेगळी खूण.

तपासनिसाचा अधिकार येथे संपतो. खांब बदलण्याचा हुकूम तो देऊ शकत नाही. तो केवळ शेरा मारतो, आणि तो शेरा दफ्तरातून फिरत फिरत खड्डा खणणाऱ्या टोळीपर्यंत पोचावा लागतो. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी टेक्सासच्या उत्तर भागात, स्टिनेट गावाजवळ, जोराच्या वाऱ्यात एक कुजलेला खांब मोडला, तारा वाळलेल्या गवतावर पडल्या आणि त्यांतून उठलेल्या वणव्याने दहा लाखांहून अधिक एकर जमीन जाळली. दोन माणसे आणि हजारो गुरे त्यात गेली. त्या राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या वणव्याच्या मुळाशी, विधिमंडळाच्या चौकशी समितीला आढळला तो हा एक खांब. खांब आपली कैफियत बद्द आवाजात आधीपासून सांगतच असतो. ती एकाने ऐकावयाची, दुसऱ्याने वाचावयाची आणि तिसऱ्याने तिच्यावर तजवीज करावयाची, अशी ही साखळी आहे, आणि तिच्यातली कोणतीही कडी बहिरी झाली तर पहिल्याच्या कानाचा उपयोग उरत नाही. म्हणून ज्या समाजाला ह्या माणसाची कदर करावयाची आहे, त्याने त्याला मानपत्र देण्यापेक्षा त्याचा शेरा मुदतीत अमलात आणावा.

सुदैवाने बहुसंख्य खांब ह्या परीक्षेत उतरतात. तेव्हा तपासनीस खरवडलेल्या बुंध्याला द्रव्याचा दाट लेप लावतो, त्यावर ओल अडविणारा कागद गुंडाळतो, उकरलेली माती परत लोटून पायाने घट्ट दाबतो, आणि बिल्ला ठोकून पुढच्या खांबाकडे निघतो. महिन्याभरात तेथे गवत उगवते आणि कोणी येऊन गेल्याची खूण उरत नाही. दहा वर्षांनी दुसरा कोणी येईल, बिल्ल्यावरचे वर्ष वाचील, हातोडा उचलील, आणि ठोका देण्यापूर्वी, कुंभाराच्या दारातील त्या गृहिणीप्रमाणे, क्षणभर श्वास रोखून कान पुढे करील.