पाच तारे, दोन तारे आणि ‘घडवलं’ हा शब्द

रिसर्च प्रपोजल लिहिताना एक वाक्य आपण फार सहज लिहून जातो: ‘अमुक संस्थेने चांगले विद्यार्थी घडवले.’ पण हे ‘घडवणं’ मोजायचं कसं? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये याच प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. तिथला डेटा बराचसा उघड आहे, त्यामुळे रिसर्च डिझाइन समजून घ्यायला हे उदाहरण छान आहे. खेळाचे नियम माहीत नसले तरी चालेल.

आधी व्यवस्था समजून घेऊ. हे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळतात ते. हायस्कूलमधल्या सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूंना २४७स्पोर्ट्स, रिव्हल्स, ईएसपीएन यांसारख्या संस्था तारे देतात, साधारणपणे दोन ते पाच. त्यासाठी उंची, वजन, वेग, सामन्यांचे व्हिडिओ, शिबिरांतली कामगिरी असं सगळं पाहिलं जातं. पाच तारे वर्षाला जेमतेम तीस-पस्तीस मुलांना मिळतात. मग विद्यापीठं स्कॉलरशिप देऊन या मुलांना आपल्या संघात ओढतात. पुढे त्यातले मोजके खेळाडू ड्राफ्टमधून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जातात.

आता वाद असा. एक गट म्हणतो, तारेच खरे. दुसरा म्हणतो, तारे कसले बघता, जे. जे. वॉट बघा! वॉटला फक्त दोन तारे होते. सेंट्रल मिशिगन सोडून तो विस्कॉन्सिनला गेला, तोही स्कॉलरशिपशिवाय. २०११ च्या ड्राफ्टमध्ये तो अकराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे २०१२, २०१४ आणि २०१५ मध्ये एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. जॉश ॲलनला तर हायस्कूल संपताना वरच्या श्रेणीतल्या एकाही विद्यापीठाने बोलावलं नव्हतं. २०१८ मध्ये तो ड्राफ्टमध्ये सातवा होता.

उदाहरणं खरी आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. का, ते एका हिशोबाने पाहू. आकडे कल्पित आहेत. समजा पाच तारेवाले ३० आहेत आणि त्यातले निम्मे ड्राफ्टमध्ये गेले, म्हणजे १५. तीन तारेवाले १५०० आहेत आणि त्यातले फक्त ५ टक्के गेले, म्हणजे ७५. ड्राफ्टच्या यादीत तीन तारेवाले पाचपट दिसतील. पण एकेका मुलाची शक्यता पाहिली तर पाच तारेवाल्याची दहापट जास्त आहे! यशस्वी लोकांच्या यादीवरून मागे जाणं आणि सुरुवातीच्या सगळ्यांपासून पुढे जाणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. क्लासच्या होर्डिंगवरचे टॉपरचे फोटो आपल्याला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतात.

संघांच्या पातळीवरही तारे बोलतात. २०११ ते २०२३ या तेरा हंगामांत जो जो संघ राष्ट्रीय विजेता झाला, त्याच्या आधीच्या चार वर्षांच्या भरतीत निम्म्याहून जास्त खेळाडू चार किंवा पाच तारेवाले होते. २०२२ च्या हंगामात टीसीयू ही अट पूर्ण न करता अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण तिथे जॉर्जियाकडून ६५-७ असा हरला.

मग प्रशिक्षणाला काहीच अर्थ नाही का? आहे. पण तो मोजताना अनेकजण एक सोपी वजाबाकी करतात: शेवटची कामगिरी वजा सुरुवातीचे तारे, उरलं ते ‘घडवणं’. या वजाबाकीत तीन गोष्टी घोटाळा करतात.

पहिली, सरासरीकडे परतणं. सगळ्यात वरचं रेटिंग मिळालेल्यांमध्ये काहीजण थोडे नशिबानेही वर आलेले असतात. ते नंतर खाली येणारच. म्हणून मोठ्या विद्यापीठांनी मुलं ‘वाया घालवली’ असं वाटतं. तळाशी याच्या उलट होतं. खालून आणखी खाली जायला जागाच नसते, त्यामुळे छोटं विद्यापीठ जादूगार वाटू लागतं.

दुसरी, निवड आणि प्रशिक्षण यांची सरमिसळ. विस्कॉन्सिनने वॉटला घडवलं, की त्याच्यातलं आधीच असलेलं ओळखलं, की अठरा ते बावीस या वयात त्याचं शरीर तसंही भरलंच असतं? शिवाय एखाद्या बड्या संघाने मुलाला बोलावलं की त्याचं रेटिंगही अनेकदा वर सरकतं. म्हणजे प्रशिक्षकाची नजर ताऱ्यांमध्येच मिसळलेली असते.

तिसरी, श्रेय कोणाला द्यायचं? जो बरोचं पाहा. चार तारे, ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं, मग एलएसयू. २०१८ मध्ये त्याने १६ टचडाऊन पास दिले आणि २०१९ मध्ये ६०! विद्यापीठ तेच आणि खेळाडूही तोच. दरम्यान जो ब्रेडी हे पासिंगचे नवे प्रशिक्षक आले. पण जस्टिन जेफरसन आणि जमार चेस हे चेंडू झेलणारे सहकारीही त्याच वर्षी बहरले. ओहायो स्टेटमधल्या तीन वर्षांच्या सरावाचा वाटा किती, हे आणखी वेगळंच. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं आणि विद्यापीठ बदलणं सोपं होत गेलं, त्यामुळे हा गुंता वाढतच चालला आहे.

तुम्ही हा अभ्यास करणार असाल तर तुलना अशी लावा: एकाच वर्षीचे, एकाच जागेवर खेळणारे, जवळपास सारखं रेटिंग असलेले, पण वेगवेगळ्या विद्यापीठांत गेलेले खेळाडू. दाखल झालेला प्रत्येकजण मोजा. जखमी झालेला, सोडून गेलेला, बाकावरच बसलेला, सगळे. आणि ‘विकास’ म्हणजे काय, हे डेटा उघडण्याआधी लिहून ठेवा. ड्राफ्टमधली निवड हे एकच माप घेतलं तर गडबड होते, कारण तिथेही तीच उंची, तोच वेग पाहिला जातो. मग दोन्ही टोकांना एकच पट्टी लावल्यासारखं होतं.

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही बरं का. या दाव्यांवर विश्वास ठेवून सतरा वर्षांचा मुलगा आपली चार-पाच वर्षं कुठे घालवायची ते ठरवतो. पीएचडीसाठी लॅब शोधताना तुम्हीही तेच करणार आहात. ‘इथून अमुक शास्त्रज्ञ झाले’ असं कोणी सांगितलं, तर शांतपणे दोन प्रश्न विचारा: त्या वर्षी एकूण कितीजण आत आले होते, आणि बाकीचे कुठे गेले?